सुतारमामांचा कान आणि एआय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

ठाण्याच्या चरईतल्या जुन्या सागवानी घरांची तपासणी एआयच्या मदतीने करावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘जुना सुतार लाकूड ठोकून जे सांगतो ते तुमचं एआय काय सांगणार? आणि ठाण्यात वाडे उरलेत किती?’ दोन्ही प्रश्न लागले मनाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वैशाखात आत्याकडे सुतारमामा आले होते. हातोडीने तुळई ठोकत ते भिंतीकडे सरकत गेले. मधोमध आवाज खणखणीत. भिंत वीतभर राहिली आणि आवाज एकदम बद्द झाला. तिथे पटाशी टेकवली, तर सहज आत गेली. तुळईचं टोक भिंतीत दडलेलं असतं. पावसाळ्यात भिंत ओल धरते, आत वारा लागत नाही, आणि लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचं फावतं. बाकी तुळई ठणठणीत होती. मामांनी सडका भाग कापून नवा सागवान सांधला. हे काम मशीनचं नाही, शंभर टक्के मान्य.

पण मामा त्या घरात बारा वर्षांनी आले होते! मधल्या काळात कुणीच काही ठोकून पाहिलं नाही. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत, आणि त्यांच्या कानाला जे कळतं ते कुठे लिहिलेलंही नाही. मला एआय हवंय ते इथे. ठोक्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, प्रत्येकापुढे मामांचा निवाडा लिहायचा: निरोगी, पोकळ, वाळवी. भरपूर नमुने जमले की संगणक त्यांतला फरक ओळखायला शिकतो. शिकवणारे मामाच.

ऑइलपेंटखालचं लाकूड फोटोत दिसत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मी लेखातच मांडायला हवा होता. फोटोवरून भेगा शोधणारं एक ॲप आत्याकडे वापरून पाहिलं. त्याने रंगाचे पोपडे भेगा म्हणून दाखवले आणि सडलेलं टोक त्याला दिसलंच नाही. फोटोत फक्त वरचा थर येतो. नुसत्या फोटोवरून घराचा निकाल लावणं मलाही धोक्याचं वाटतं.

लेखातल्या पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या (जुन्या मोठ्या चर्चच्या) पुनर्उभारणीला तुम्ही ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणालात, ते नाही पटलं. तिथली खरी करामत मोजणीची. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये ते लेझरने मोजलं, २०१४ मध्ये दोन वास्तुविशारदांनी छताच्या लाकडी सांगाड्याची मापं घेतली. १५ एप्रिल २०१९ ला छत जळालं. मापं हाताशी होती, म्हणून सुतारांना ओकचं लाकूड कुऱ्हाडीने तासून तसाच सांगाडा पुन्हा उभा करता आला. डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली.

ठाण्यात वाडे थोडेच उरलेत, खरंय. बिल्डरचा आकडा मोठा असेल तर कुठलंही मशीन वाडा वाचवणार नाही. पण पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक असा शिक्का बसला की घर रिकामं करून पाडायचं. अशा वेळी मालकाकडे दाखवायला काही नसतं. कुठली तुळई किती खराब, मागच्या वर्षी ती कशी होती, याची नोंद असेल तर ऑडिटला आलेल्या इंजिनिअरसमोर ती ठेवता येते. वीतभर टोकापायी अख्खं घर जाऊ नये, एवढ्यासाठी माझी ही धडपड आहे.

तुमच्या आजोबांचं खारकर आळीतलं घर अजून उभं आहे असं तुम्हीच लिहिलंय. मामांना विचारलं, येत्या रविवारी सकाळी त्यांना वेळ आहे. रेकॉर्डर मी आणतो. माळ्यावर जायला शिडी आहे का, तेवढं कळवा.