सही खरी असूनही पैसे जातात

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चेक लिहिताना पेन कोणतं घ्यावं, मोकळ्या जागेवर रेघ का मारावी, असलं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतो, सही तपासणं बँकेचं काम आहे आणि पैसे गेले तर ते भरून देणंही तिचंच, असं तुम्ही म्हणता.

आधी सहीचं. चेक धुतात, म्हणजे त्यावरची शाई रसायनाने काढतात, तेव्हा सहीला कुणी हात लावत नाही. साध्या बॉलपेनच्या शाईतला रंग अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, म्हणजे नेलपॉलिश काढतात त्यात. सही तेवढी झाकून नाव आणि रक्कम घालवली, की हाती उरतो तुमच्या सहीचा कोरा चेक. बँकेने भिंग लावून पाहिलं तरी सही जुळणारच, ती तुमचीच तर आहे! बऱ्याच जेल पेनांच्या शाईतले बारीक रंगकण कागदाच्या तंतूंत रुतून बसतात आणि सहजी निघत नाहीत, म्हणून माझा पेनाचा आग्रह.

जबाबदारीचं म्हणाल तर तुमचं बरंचसं बरोबर आहे. खोट्या सहीवर पैसे दिले गेले तर तोटा सहसा बँकेचा. पण १९१८ साली लंडनमध्ये एका खटल्याचा निकाल लागला. कारकुनाने सहीसाठी पुढे केलेल्या चेकवर आकड्यात २ पौंड होते, अक्षरी रक्कम लिहिलेलीच नव्हती आणि आकड्याच्या आजूबाजूला जागा मोकळी होती. मालकाने घाईत सही केली. कारकुनाने २ चे १२० केले, अक्षरी रक्कम भरली आणि पैसे घेऊन गेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तोटा मालकाच्या माथी मारला, कारण चेक निष्काळजीपणे लिहिला होता. तेव्हापासून हा दाखला बँकांच्या कामी येत आला आहे. म्हणून अक्षरी रक्कम अगदी डावीकडून सुरू करा आणि उरलेल्या जागेवर रेघ मारा.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. रद्द केलेला चेक तुम्ही सही करून देता. त्यावर तुमचं नाव, खाते क्रमांक आणि बँकेचा कोड छापलेला असतोच, वर सहीचा नमुनाही तुम्ही आपणहून देता. पिन बदलता येतो, सही बदलणं मात्र फार जिकिरीचं. पुढच्या वेळी चेकवर आडवं, मोठ्या अक्षरात ‘रद्द’ लिहा आणि सहीची जागा कोरी ठेवा. कुणी सही हवीच म्हणालं, तर कशासाठी ते आधी विचारा.