लेव्हल एकचा प्रेक्षक

गेमच्या नियमांवर चालणाऱ्या जगातली जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका लावली, की हवेत निळी चौकट उघडते. तिच्यात नायकाची ताकद, चपळाई, नशीब, सगळं आकड्यांत. वर चौकटीचं भाषांतर, खाली संवादाचं सबटायटल, आणि डोळे वरून खाली येईपर्यंत दोन्ही गायब. ज्यांचं गेमिंग जुन्या मोबाइलमधल्या सापापाशी संपलं, त्या आमच्यासारख्यांनी इथे व्हिडिओ थांबवू नये. त्यातले बहुतेक आकडे पुढे कुणालाच लागत नाहीत, मला तर वाटतं लेखकालाही नाही.

दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एचपी म्हणजे जीव किती उरला, एमपी म्हणजे जादू किती उरली. लेव्हल वाढते ती राक्षस मारून मिळणाऱ्या अनुभवगुणांनी. तिथे वशिला चालत नाही, म्हणूनच त्याला फँटसी म्हणत असावेत.

पहिला राक्षस बहुधा स्लाइम, म्हणजे थुलथुलीत गोळा. 1986 सालच्या ड्रॅगन क्वेस्ट या गेममध्ये तो सगळ्यात कच्चा शत्रू होता आणि जपानी प्रेक्षक त्याला लहानपणापासून बदडत आलाय. म्हणून एखाद्या मालिकेत स्लाइमच महाबली निघाला की तिकडे हशा पिकतो, आणि इकडे जळगावात आपण विचारतो, हा गोळा एवढा भाव का खातोय?

खरी गोची लढाईत होते. ढालवाला राक्षसापुढे उभा राहून त्याला मुद्दाम का डिवचतो? शेजारी भाचा असला तर तो "मामा, तो टँक आहे" एवढंच सांगतो आणि ज्ञानदान संपवतो. गोष्ट अशी, की अनेक ऑनलाइन गेममध्ये कुणी किती त्रास दिला याचा हिशेब राक्षस ठेवतो आणि ज्याच्यावर राग जास्त त्याच्यावर धावतो. या रागाला अ‍ॅग्रो म्हणतात. टँकने तो अंगावर ओढायचा, मागून जादूगाराने झोडायचं, हीलरने जखमा भरायच्या. हीलरने घाईघाईने फार जखमा भरल्या तर त्याचाही राग राक्षसाला येतो. तो वळतो, आणि हीलरच्या अंगावर चिलखत नसतं. शेतातल्या भरीत पार्टीत काड्यांच्या जाळासमोर बसलेला गडी मध्येच उठला की वांगी करपतात आणि फोडणीवाला कितीही हुशार असो, बसून राहतो, तसंच हे. एवढं कळलं की "मागे हो!" ही किंकाळी भावनेची नसून कामाची सूचना आहे, हे समजतं.

साहसवीरांच्या दर्जांवर वेळ घालवू नये. एफपासून एपर्यंत चढायचं आणि एच्या वर एस. का, ते विचारू नये.

सोलो लेव्हलिंग या मालिकेत नायकाला रोज 100 पुशअप, 100 सिटअप, 100 उठाबशा आणि 10 किलोमीटर धावणं सक्तीचं. चुकलं तर शिक्षा म्हणून वाळवंटात रवानगी, मागे अजस्र गोमा. मे महिन्यातल्या भुसावळकराला यातल्या फक्त गोमा नवीन.

सुरुवात करायची तर बोफुरी या मालिकेने करा. पहिला सीझन 12 भागांचा आहे. तिची नायिकाही गेममध्ये आपल्याइतकीच नवखी. मार लागू नये म्हणून सगळे गुण ती बचावात टाकते, त्यामुळे तिला धड पळताही येत नाही. विषारी ड्रॅगनला शस्त्र लागेना, तर त्याला चावून खाते. मग गेम बनवणारेच घाबरून नियम बदलत बसतात. जाणकार खेळाडूला हे कधी सुचलं नसतं, हा आपल्या बाजूचा मोठा पुरावा!

आकड्यांचा अगदीच वीट आला तर डिलिशस इन डंजन पाहा. तिथे राक्षस मारतात ते शिजवायला, त्यामुळे कुठलं पान, कुठला पाय, किती वेळ उकळायचा हे नीट सांगतात. पहिल्याच भागात विंचू आणि चालत्या अळंबीचा रस्सा होतो. रस्सा एवढा मोठा, आणि तिखटाचं नाव नाही.