कपाटातली कवळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

दातांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘वय झालं की दात पडायचेच. माझी आई बिनदातांची 85 वर्षं जगली. आणि कवळीचं कौतुक पुरे, माझी दोन वर्षं कपाटात पडून आहे.’

कवळीचं तुमचं बरोबर आहे. ‘कवळी बसवली की प्रश्न मिटतो’ हे माझं वाक्य चुकलं. पूर्ण कवळीने चावायला स्वतःच्या दातांइतका जोर कधीच येत नाही. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, आणि वरच्यापेक्षा खालचं अधिक. कवळी तशीच राहते, तिच्याखालचा आधार बदलतो. मग ती हलते, टोचते, बोलताना वाजते. यात तुमचा काही दोष नाही.

वयाचं मात्र पटत नाही. दात जातात ते मुख्यतः किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने. मधुमेह नि तंबाखूने तो आजार बळावतो, आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. जपानने 1989 साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम सुरू केली. 2016 च्या पाहणीत तिथल्या ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या तोंडात वीस किंवा त्याहून जास्त दात होते.

आता तुमच्या आईंबद्दल, पण आधी माझ्या घरातलं एक. माझे बाबा भजनात पुढे बसून गायचे. समोरचे दात गेले आणि ‘दत्त दिगंबर’ म्हणताना नुसती हवा सुटायला लागली. त, थ, द, ध, न हे वर्ण जीभ दातांना टेकल्याशिवाय धड उमटत नाहीत. ते मागे बसून टाळ वाजवू लागले. पुढे सप्ताहाला जाणंच सोडलं. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचे, तेही तोंडावर पंचा धरून. जत्रेतून खाजं आणायचे आणि सगळं मुलांना वाटून टाकायचे. घरी आम्ही पेज करायचो, खतखतं कुस्करून द्यायचो, आणि समजायचो की त्यांचं छान चाललंय. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. आम्ही विचारलंही नाही, याची बोच मला आजही आहे.

तुमच्या आई 85 वर्षं जगल्या, हे खरंच. पण शेवटच्या वर्षांत त्यांनी काय काय खायचं सोडलं, कुणाकडे जायचं टाळलं, ते एकदा आठवून पाहा. घरातल्या बाईला तर ‘तुला काय चावत नाही?’ असं सहसा कुणी विचारतही नाही.

तुमची कवळी टाकू नका. सैल कवळीला आतून नवं अस्तर भरून ती पुन्हा घट्ट बसवता येते. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा. घरच्या घरी कानशीने घासू नका, गोंदाने चिकटवू नका. कोरडी राहून तिचा आकार बिघडला असेल, तर नवीच करावी लागेल. नेताना जुनीही सोबत घ्या; कुठे टोचायचं ते तिच्यावरच बोट ठेवून सांगता येईल.