चंद्रावरच्या त्या 'शहरा'बद्दल, एकदाचं

काकांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दुर्बीणवाले, आता बोला." तर बोलतो. मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. कुणा हौशी माणसाने मोबाइलवर टिपलेला चंद्र, त्यावर लाल गोल, आणि दावे असे: चंद्रावर चौकोनी इमारतींचं शहर आहे, लांबलचक भिंत आहे, अंधाऱ्या भागात दिवे चमकतात, आणि नासा हे सगळं दडवते.

आधी शहर. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. त्या फोटोत तो साधारण ७०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे एक पिक्सेल जवळपास ५ किलोमीटरचा. लाल गोलातली 'इमारत' मोजली तर १६ पिक्सेल भरते. ऐंशी किलोमीटर! पुण्यात शिरायचं आणि खोपोलीला बाहेर पडायचं, अशी एकच बिल्डिंग. मेन्टेनन्स किती येत असेल हे कुणीच विचारलं नाही.

मग चौकोन आले कुठून? जेपेग (फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार) फाइल चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून साठवते. फोटो दहा ग्रुपांवरून दाबला जात फिरला की त्या तुकड्यांच्या कडा उठून दिसू लागतात. या शहरातले सगळे 'रस्ते' फोटोच्या कडांना समांतर आहेत, ते पाहिलंत? मोबाइल तिरका धरून फोटो काढा. चंद्रावरचे डाग तिरके येतील, रस्ते मात्र चौकटीशी सरळच राहतील.

आणि "एवढा महागडा फोन खोटं कसं दाखवेल?" हे तर राहूच द्या. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने टिपलं. चित्रात नव्हतेच ते बारकावे फोटोत उमटले. फोन चंद्र ओळखून एआयने तपशील सुधारतो, हे नंतर कंपनीनेच समजावून सांगितलं.

भिंत आहे, हे मान्य. बांधलेली नाही, एवढंच. रूपेस रेक्टा नावाचा तो सुमारे ११० किलोमीटर लांबीचा भ्रंश आहे, म्हणजे जमीन तडकून एक बाजू खाली सरकल्याने झालेली कड. शुक्ल अष्टमी-नवमीच्या सुमारास त्याची सावली छोट्या दुर्बिणीतूनही काळ्या रेघेसारखी दिसते. कृष्ण पक्षात ऊन दुसऱ्या बाजूने आलं की तीच रेघ उजळ होते.

दिव्यांतही अर्धं सत्य आहे. उल्का आदळली की चंद्राच्या अंधाऱ्या भागात क्षणभर खरंच चमकतं. १७ मार्च २०१३ ला अशी चमक टिपली गेली आणि पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाच्या फोटोंत त्या भागात १८ मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं. हे जगाला कुणी सांगितलं? दडवणाऱ्या नासानेच. शिवाय आपल्या चांद्रयान-२ चा कॅमेरा २५ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. त्याला ८० किलोमीटरची इमारत चुकली म्हणायची का?

तरीही कुणाला ठिपका दिसलाच, तर स्क्रीनशॉट नको, मूळ फाइल पाठवा. सोबत ठिकाण आणि वेळ लिहा. लागोपाठचे चार-पाच फोटो असू द्या. चंद्र चौकटीत सरकला तरी ठिपका चौकटीत जागचा हलत नसेल, तर तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावरचा आहे. चंद्राबरोबर सरकत असेल, आणि त्याच क्षणी दुसऱ्या गावातल्या कॅमेऱ्यातही तिथेच आला असेल, तर मला रात्री दोनलाही फोन करा.