टू टू हंड्रेड

मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे आणि घरात बी.कॉम. मी एकटाच. एवढ्या गुन्ह्यावर अडतीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. गुजरातच्या व्यापाऱ्यांचं हिंदीवर भागतं. पण २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मामांची नजर लांब गेली आणि परवा चेन्नईची पार्टी गावली. तिला हिंदीचं वावडं, आम्हाला तमिळचं.

सौदा आटोपून मामा आले. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, टोकरून कणी बघितलेली, बोटं चिकट. ती चाटतच म्हणाले, "क्विंटलला दर दोनशेनं चढलाय. कळीव त्यास्नी."

मराठीत एका 'नं'वर काम भागलं. इंग्रजीत माझी दुपार गेली. पहिला अडसर, राइज की रेझ? दर आपणहून चढला तर राइज, कुणी चढवला तर रेझ. म्हणून विचारलं, "मामा, दर चढला की तुम्ही चढवला?"

मामांनी आधी दारात कोणी शेतकरी, गिऱ्हाईक नाही ना बघितलं. "चढला म्हण. आपुन कशाला चढवतोय?"

म्हणजे राइज. पण तो भूतकाळात रोझ होतो. 'प्राइस रोझ' लिहून वाचलं तर गुळाला गुलाबाचा वास यायला लागला. खोडलं. बरं, प्राइस कॉस्टली म्हणायची नाही. माल कॉस्टली, प्राइस हाय. हे मात्र पटलं. आपल्यातही माल महाग असतो, दर चढा असतो.

अखेर 'इन्क्रीज्ड' घेतलं. पुढं 'बाय' की 'टू'? बाय म्हटलं की सुट्टी संपवून एसटीत बसलेली मावसभावंडं आठवतात. नव्या पार्टीला पहिल्याच पत्रात निरोप कसा द्यायचा? अदबीनं टू घातलं. 'प्राइस हॅज इन्क्रीज्ड टू टू हंड्रेड रुपीज पर क्विंटल.' दोन टू मांडीला मांडी लावून बसलेले बघूनच शंका यायला पाहिजे होती.

पाच मिनिटांत उत्तर. 'थँक यू. प्लीज सेंड टेन ट्रक्स.'

चार हजारांचा गूळ मी दोनशेवर आणून ठेवला होता. दर 'दोनशेनं' चढला आणि 'दोनशेवर' गेला, यातला फरक यार्डातला हमालसुद्धा झोपेत सांगेल. मामा काही बोलले नाहीत, नुसता माझा चहा परत पाठवला.

मग सगळं मोकळं लिहिलं: फ्रॉम चार हजार, टू चार हजार दोनशे, बाय दोनशे, म्हणजे पाच टक्के. चेन्नईला कळलं. ट्रकांचं पुन्हा नाव नाही.

पुढच्या आठवड्यात दर पाच टक्क्यांनी उतरला. मामा खूश. "पाच चढला, पाच उतरला. चार हजार लिव्ह."

"तीन हजार नऊशे नव्वद होतात, मामा. आता टक्के चार हजार दोनशेवर धरायचे."

मामांनी वहीत दोनदा आकडेमोड केली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आणि दहा रुपये कुठं गेले? इंग्रजीत?"

ते दहा रुपये माझ्या नावावर मांडलेत.