पासष्टीला निवृत्त, सहासष्टीला खलास?

काकांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून घेतलाय. वय 54. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता. बोइंग कंपनीत जे पन्नाशीत निवृत्त झाले ते सरासरी 86 वर्षं जगले, जे पासष्टीला झाले ते जेमतेम 66.8. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: पंचावन्ननंतर नोकरीचं प्रत्येक वर्ष आयुष्याची दोन वर्षं खातं!

हा तक्ता वीस वर्षांहून जुना आहे आणि खुद्द बोइंगनंच तो खोडून काढलाय. पण कंपनीचं राहू द्या, नुसता 66.8 हा आकडा बघा. पासष्टीला दहा जण निवृत्त झाले नि त्यातला एकच 83 पर्यंत जगला, तर सरासरी 66.8 यायला उरलेल्या नऊ जणांनी निरोपसमारंभातच, गळ्यात हार असताना, मान टाकायला हवी. करा गुणाकार, तंतोतंत जमतो. असा आकडा काढायची सोपी युक्ती म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्यांतले फक्त मेलेले मोजायचे. जे अजून बाजारात भाजी घेत हिंडताहेत, ते हिशेबातच नाहीत.

आता ती 'दोन वर्षं'. आज 15 वर्षांचं असलेलं माणूस पुढे एकूण किती वर्षं कामाच्या रेट्यात राहील, याचा अंदाज युरोस्टॅट ही युरोपीय संघाची आकडेवारी-संस्था दरवर्षी काढते. 2024 साली युरोपीय संघाची सरासरी 37.2 वर्षं. स्वीडनमध्ये सुमारे 43, रोमानियात 33 च्याही आत. फॉरवर्डच्या हिशेबानं स्वीडिश माणूस वीस वर्षं आधी जायला हवा. तो रोमानियन माणसापेक्षा सात-आठ वर्षं जास्तच जगतो. इटलीवाले रोमानियाइतकंच कमी राबून स्वीडनइतकं जगतात, हेही मान्य. म्हणजे 'राबाल तितकं जगाल' असंही नाही. (या अंदाजात नोकरी शोधणारे धरतात, पण काकूंनी घरात काढलेली तीस वर्षं शून्य भरतील. तो वाद वेगळा.)

'सरासरी आयुष्य 70, म्हणजे साठीनंतर उरली फक्त 10' असाही हिशेब लोक मांडतात. हे तर शाळकरी गणितही नाही. 70 ही जन्मापासूनची सरासरी. त्यात बालमृत्यूही आले. भारतात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी 18 वर्षं जगतो.

हमाली, रात्रपाळी, भट्टीजवळचं काम शरीर झिजवतं, अशांना लवकर सुटका मिळावी, एवढं मी मानतो. काका टेबलावर बसतात आणि तसेही अठ्ठावन्नला सुटणार आहेत. पासष्टीचा प्रश्न आलाच कुठे? साहेबाचा जाच असेल तर तसं सांगा ना, बोइंग कशाला मध्ये? आता अर्ज दिला तर पेन्शन किती बसेल, धाकटीच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते कशातून जातील, हे घरात अजून कुणी मांडून पाहिलेलं नाही. तक्त्यात तो रकाना नव्हता.