एकाच क्रियापदाचे दोनदा पैसे

बिल अजून पाकिटात आहे. शॅम्पू 250, ट्रॅडिशनल चंपी 300. केस कापायचे वेगळे, पण त्याबद्दल तक्रार नाही. केस खरोखर कापले होते. माझं भांडण आहे ते या दोन ओळींशी.

नेहमीचा न्हावी गावी गेला होता म्हणून स्टेशनजवळच्या काचेच्या दाराच्या सलूनमध्ये शिरलो, एवढीच पूर्वपीठिका. "सर, आधी शॅम्पू घेऊ या," असं म्हणत तिथल्या मुलाने मला उताणं पाडलं आणि माझी मान बेसिनच्या खाचेत अडकवली. पाणी आधी गार, मग पोळणारं, मग थेट डाव्या कानात. उठल्यावर मान धरली म्हणालो, तर हसत म्हणतो, "मग चंपी करून घ्या ना सर." दुखणं त्यांचं, औषधही त्यांचंच, बिल तेवढं माझं.

ते बिल बघून मी त्याला समजवायला गेलो. बाबा रे, शॅम्पू आणि चंपी एकाच घरातले. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, चेपणं. आपलं 'चापणं' त्याच कुळातलं. 'चाँपो' म्हणजे 'दाब'. साहेबाच्या तोंडी ते आज्ञार्थीच बसलेलं असणार, नोकराशी दुसरं काय बोलायचं, आणि तसंच्या तसं ते विलायतेला गेलं. 1762 साली लंडनमध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात शॅम्पू करून घेतल्याची हकीगत आहे. तिच्यात फेस नाही, केस नाहीत, नुसतं अंग रगडणं. लेखक म्हणतो, इतर व्यापाऱ्यांना आधी हे करून घेताना पाहिलं नसतं तर मला धास्तीच वाटली असती. डोकं धुणं हा अर्थ चिकटायला मग जवळजवळ शंभर वर्षं लागली, 1860 उजाडलं. बाटलीला ते नाव मिळालं त्याच्याही नंतर.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडून एकाच क्रियापदाचे दोनदा पैसे घेताय," मी म्हणालो.

"सर, पॅकेज घेतलं असतं तर पन्नास कमी झाले असते."

इथे शेजारच्या खुर्चीतले काका बोलले. डोक्यावर डायचा काळा लेप, कानांना प्लॅस्टिकच्या टोप्या, कपाळावर ओघळ येऊ नये म्हणून मान ताठ. त्यामुळे ते माझ्याशी न बोलता आरशातल्या माझ्याशी बोलत होते.

"अहो, शॅम्पू फ्रेंच आहे."

"नाही हो काका, हिंदी."

"शॅम्पेन कुठली?"

"फ्रान्सची."

"मग? शॅम्पेन, शॅम्पू. दोन्हींना फेस. एकाच गावचे."

असल्या युक्तिवादाला उत्तर नसतं, तरी मी साक्षीदार काढला. "काका, शेख दीन महंमद म्हणून पाटण्याचा माणूस होता..."

"पाटणचा?"

"पाटण्याचा."

"तेच ते. कोयनेला जाताना लागतं. माझी मेहुणी दिलीय तिथे. साठी उलटली, पण केस बघाल तर कमरेच्या खाली! पाणीच तसं आहे तिकडचं."

मी मेहुणीला वळसा घालून पुढे गेलो. दीन महंमद 1759 चा, कंपनीच्या फौजेत वाढलेला. तिथून आयर्लंड, मग लंडन. 1810 मध्ये त्याने तिथे हिंदुस्तानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि दोनच वर्षांत दिवाळं काढलं. मग समुद्रकाठच्या ब्रायटनला वाफेच्या स्नानाची जागा उघडली. फ्लॅनेलच्या तंबूत गिऱ्हाईक घामाघूम बसलेलं, तंबूला बाह्या शिवलेल्या, रगडणारा बाहेर उभा राहून बाह्यांतून हात आत घालायचा. याला म्हणायचं शॅम्पू करणं. बरं झालेल्या लंगड्यांच्या कुबड्या तिथे भिंतीवर टांगलेल्या असत. चौथ्या जॉर्ज राजाने त्याला आपला शॅम्पू सर्जन नेमलं. 1851 मध्ये माणूस गेला तेव्हा शॅम्पूचा केसांशी संबंधही जुळायचा होता. आणि हल्ली त्याची ओळख काय, तर 'शॅम्पूचा जनक'! जन्मभर लोकांचे सांधे रगडले आणि नावावर लागली बाटली.

"राजाचा सर्जन?" काकांचे डोळे आरशात चमकले. "मग बरोबर. साताऱ्याच्या गादीचा असणार. पाटण तिथून लांब नाही."

मुलाने हे गंभीरपणे ऐकलं. पुढच्या गिऱ्हाइकाला तो काय सांगणार आहे ते मला दिसत होतं.

आमच्या न्हाव्याकडे केस कापून झाले की टाळूवर दोन थापा, मानेला एक कटकन झटका आणि खांद्यावरून पंचा झटकणं, हे सगळं न मागता व्हायचं. डोकं दाबणं हा तिथे कामाचा भाग नव्हता, निरोपाचा होता. आता त्याच निरोपाचे तुकडे करून प्रत्येकाला दर लावलाय, वर जीएसटी. आणि दर तरी कसे? विलायतेला जाऊन साहेब होऊन आलेला शब्द अडीचशेला आणि जन्मात घर न सोडलेला तीनशेला, कारण तो 'ट्रॅडिशनल'. उद्या आजीची शिकेकाई पाचशेला विकतील आणि मी मुकाट्याने क्यूआर कोड स्कॅन करेन. परवाही केलाच. वर त्या पोराने विचारलं, "सर, फाइव्ह स्टार द्याल ना?" एका कानाने मला ते नीट ऐकूही आलं नाही.

दार ढकलणार तोच मुलगा मागून आला. "सर, ते तंबूचं तेवढं परत सांगा ना. बाह्या कशाला होत्या?"

मला बरं वाटलं. वाफ आत कोंडून राहावी आणि रगडणाऱ्याला बाहेर उभं राहता यावं म्हणून, असं मी सविस्तर सांगितलं.

"आमच्याकडे त्याचं मशीन आलंय सर. हेअर स्टीम, साडेचारशे."

"घेऊन टाका हो," काका आरशातून म्हणाले, "साताऱ्याचं आहे."